आंद्रेआस वेर्कमाईस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या शतकातल्या या जर्मन चर्च-ऑर्गनवादकाबद्दल येणारे प्रश्न दोन टोकांचे असतात. काहींना तो कोण हेच ठाऊक नसतं. काहींनी हातात कानस घेऊन पेटी उघडलेली असते आणि शेवटचा सूर जुळत नसतो. दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हे पान आहे.

खाली सूर पेटीवाल्यांच्या भाषेत दिले आहेत: पांढरी १ म्हणजे पाश्चात्त्य सी, काळी १ म्हणजे सी शार्प, पांढरी ६ म्हणजे ए. सुरांमधलं अंतर 'सेंट'मध्ये आहे. पूर्ण सप्तकाचे १२०० सेंट, आणि आजच्या कीबोर्डवर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये बरोबर १००.

१. वेर्कमाईस्टर नेमका कोण? वादक, शास्त्रकार की ऑर्गन बनवणारा?

पोटापाण्याने चर्चचा ऑर्गनवादक, अभ्यासाने संगीतशास्त्रकार. ऑर्गन तो बनवत नसे, दुसऱ्यांनी बनवलेले तपासत असे. जन्म ३० नोव्हेंबर १६४५, हार्ट्स पर्वतातल्या बेनेकेनश्टाइन गावी. शिक्षण नॉर्डहाउझेन आणि क्वेडलिनबुर्ग इथे. १६६४ मध्ये हासेलफेल्डे इथे ऑर्गनवादकाची पहिली नोकरी, तिथे दहा वर्षं. मग थोडा काळ एल्बिंगेरोडे, १६७५ पासून क्वेडलिनबुर्ग आणि १६९६ पासून हाल्बरश्टाटचं मार्टिनी चर्च. २६ ऑक्टोबर १७०६ रोजी तिथेच त्याचा मृत्यू झाला. सगळं आयुष्य हार्ट्सच्या आसपासच्या गावांत गेलं. इटली नाही, दरबार नाही. पुस्तकं मात्र जर्मनीभर वाचली गेली.

२. 'वर्कमायस्टर' की 'वेर्कमाईस्टर'?

जर्मन उच्चार 'वेर्कमाईस्टर'च्या जवळ जातो. इंग्रजी वळणाने 'वर्कमायस्टर' म्हणणारेही भेटतात. शोधताना दोन्ही टाकून पाहा.

३. सूर जुळवण्यात एवढं काय कठीण आहे? तंबोरा तर आपण रोज लावतो.

तंबोऱ्याला एकच षड्ज सांभाळायचा असतो. ऑर्गनला बारा. अडचण तिथेच सुरू होते.

शुद्ध सा-प अंतर ७०२ सेंटांचं. पांढरी १ पासून निघून एकापुढे एक बारा वेळा शुद्ध पंचम लावत गेलात, तर सात सप्तकं वर जाऊन पुन्हा पांढरी १ वरच यायला हवं. प्रत्यक्षात सुमारे २३.५ सेंट पुढे निघून जाता. या उरलेल्या तुकड्याला पायथागोरसचा कॉमा म्हणतात. तो कुठे तरी जिरवावाच लागतो.

गंधाराची गोष्ट उलटी. शुद्ध गंधार ३८६ सेंटांवर असतो. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून आपोआप ऐकू येतो तोच हा गंधार. पण चार शुद्ध पंचम चढून आलेला गंधार ४०८ वर जाऊन बसतो, म्हणजे कानाला सरळ चढा लागतो. पंचम सांभाळा तर गंधार बिघडतो, गंधार सांभाळा तर पंचम. जुळणीची प्रत्येक पद्धत म्हणजे हा तोटा कुणाच्या अंगावर टाकायचा याचा हिशेब.

४. त्याच्या आधी ऑर्गन कसे लावत? 'लांडगा' म्हणजे काय?

तेव्हाची प्रचलित पद्धत अकरा पंचम थोडे थोडे उतरवून (६९६.६ सेंट) गंधार शुद्ध ठेवायची. आठ सा-ग जोड्या सुंदर लागायच्या. सगळा तोटा एका जोडीवर, बहुधा काळी ४ आणि काळी २ यांच्यावर साचायचा. ती जोडी ७३७ सेंटांपर्यंत ताणली जाई आणि एकत्र वाजवली की गुरगुरे. म्हणून ती 'लांडगा'. शिवाय चार सा-ग जोड्याही निकामी. थोडक्या पट्ट्यांत प्रार्थनागीतं वाजवणाऱ्याला हे चालून जाई. पण वेर्कमाईस्टरच्या काळापर्यंत रचनाकार कुठूनही कुठे जाऊ लागले होते.

५. 'वेर्कमाईस्टर ३' जुळणी म्हणजे काय?

कॉमाचे चार सारखे भाग करायचे, प्रत्येकी सुमारे ५.९ सेंट, आणि ते फक्त चार पंचमांमधून कापायचे: पांढरी १–पांढरी ५, पांढरी ५–पांढरी २, पांढरी २–पांढरी ६ आणि पांढरी ७–काळी ३. उरलेले आठ पंचम शुद्ध. लांडगा कुठेच उरत नाही.

त्यामुळे बाराही पट्ट्यांत वाजवता येतं, पण प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा राहतो. सा-ग अंतरं अशी पडतात:

पांढरी १ आणि पांढरी ४ वरून ३९०. पांढरी २, पांढरी ५ आणि काळी ५ वरून ३९६. पांढरी ३, पांढरी ६, पांढरी ७ आणि काळी २ वरून ४०२. काळी १, काळी ३ आणि काळी ४ वरून ४०८.

चर्चमध्ये जास्त वापरल्या जाणाऱ्या पट्ट्या गोड, क्वचित लागणाऱ्या तिखट. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे.

६. मग 'वेर्कमाईस्टर १' आणि '२' कुठे गेल्या?

१६९१ च्या त्याच्या 'मुझिकालिशे टेम्पेराटूर' या पुस्तकात क्रमांक १ ही शुद्ध गुणोत्तरांची सरगम आहे आणि क्रमांक २ प्रश्न ४ मधली जुनी पद्धत. दोन्ही तुलनेपुरत्या. त्याची स्वतःची पहिली शिफारस तिसऱ्या क्रमांकावर येते. घोळ असा की काही ठिकाणी याच जुळणीला 'पहिली योग्य जुळणी' म्हणून १ क्रमांक देतात. ४ मध्ये कॉमाचे तिसरे हिस्से आहेत, ५ मध्ये पुन्हा चौथे, आणि ६ अगदी वेगळी (प्रश्न १४). नुसतं 'वेर्कमाईस्टर' लिहिलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ३ समजावं.

७. कानाने ही जुळणी कशी लावायची? क्रम सांगा.

दोन सूर जवळपास जुळले की त्यांच्यात 'वाँव-वाँव' अशी लाट ऐकू येते. शास्त्राच्या पुस्तकात तिला विस्पंद म्हणतात. लाट थांबली की जोडी शुद्ध. इथे लाट कुठे थांबवायची आणि कुठे मोजून ठेवायची, एवढंच काम आहे. सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ समोर ठेवा आणि एका वेळी एकच रीड किंवा एकच नळी वाजू द्या.

मध्य सप्तकातली पांढरी ६ ४४० ला (सेकंदाला ४४० कंपनं) लावा, खालची पांढरी ६ तिच्याशी जुळवा. खालच्या पांढऱ्या ६ वरून मध्य पांढरी ३, शुद्ध पंचम. त्या पांढऱ्या ३ ला मध्यम मानून तिच्या खालचा षड्ज, म्हणजे मंद्र पांढरी ७, शुद्ध.

आता पहिलं कापलेलं अंतर. मंद्र पांढरी ७ वरून मध्य काळी ३ आधी शुद्ध लावा, मग दोन सेकंदांत ५ लाटा येईपर्यंत उतरवा.

पुढचे सहा सूर पुन्हा सगळे शुद्ध: काळी ३ वरून खाली काळी १ (मध्यम–षड्ज), काळी १ वरून वर काळी ४ (पंचम), काळी ४ वरून खाली काळी २, काळी २ वरून खाली मंद्र काळी ५, तिच्यावरून वर पांढरी ४, पांढरी ४ वरून खाली पांढरी १.

पांढरी १ वरून पांढरी ५: शुद्ध लावून उतरवा, तीन सेकंदांत ८ लाटा. ती पांढरी ५ एक सप्तक खाली उतरवून घ्या. मंद्र पांढरी ५ वरून पांढरी २: शुद्ध लावून उतरवा, सेकंदाला २ लाटा.

बारा सूर पूर्ण झाले. आता पांढरी २ आणि वरची पांढरी ६ एकत्र वाजवा. हात न लावता सेकंदाला ३ लाटा आल्या तर काम बरोबर. मग सप्तकं जुळवत बाकीची वर-खाली भरत जा.

लाटांचे हे आकडे पांढरी ६ = ४४० धरून आहेत. ४१५ ला लावत असाल तर लाटा सुमारे ६ टक्के संथ होतील.

८. शेवटच्या जोडीत ३ लाटा येत नाहीत. चूक कुठे झाली?

लाटा १५ च्या घरात असतील तर पांढरी ५ आणि पांढरी २ उतरवण्याऐवजी चढवल्या आहेत. लाट दोन्ही बाजूंना सारखीच ऐकू येते. म्हणूनच आधी शुद्ध लावून मग उतरवायला सांगितलं आहे, थेट लाटा मोजायला घेऊ नये.

लाटा दीड-दोन किंवा चार-पाच असतील तर 'शुद्ध' म्हणून सोडलेल्या जोड्यांपैकी काही पूर्ण शुद्ध नाहीत. दहा सेकंदांत एक अशी संथ लाट कान सोडून देतो आणि आठ जोड्यांत ती साठत जाते. शुद्ध जोडी निदान पाच-सहा सेकंद धरून ऐका.

नळ्यांच्या ऑर्गनमध्ये तिसरं कारण असतं तापमान. साध्या नळीचा सूर एका अंश सेल्सियसला सुमारे ३ सेंट चढतो, जिभेच्या नळ्यांचा (ज्यांत धातूची पातळ जीभ थरथरते) जवळपास नाही. सकाळी अर्धा आणि दुपारी अर्धा ऑर्गन लावला तर दोन भाग जुळणार नाहीत. नळी उघड्या हाताने धरली तरी ती तापून चढते. उघड्या धातूच्या नळीचं तोंड शंकूच्या आकाराच्या अवजाराने फाकवलं की सूर चढतो, आत दाबलं की उतरतो. बंद नळीचा दट्ट्या सरकवतात, जिभेच्या नळीची वाकडी तार.

९. आमच्या हार्मोनियमवर ही जुळणी लावली तर गायनाला फायदा होईल का?

हा प्रश्न महाराष्ट्रातून सर्वांत जास्त येतो. उत्तर गाणाऱ्याच्या पट्टीवर अवलंबून आहे.

पांढरी ४ चा षड्ज असेल तर उत्तम. गंधार ३९० (आजच्या पेटीवर ४००), मध्यम आणि पंचम शुद्ध, निषाद १०९२. तंबोऱ्याशी ही पेटी चांगली मिसळते.

पांढरी १ ला गंधार तितकाच छान, पण पंचम ६९६. पंचमाच्या तंबोऱ्यासमोर तो उतरलेला कळतो.

काळी १ ला करू नका. पंचम शुद्ध येईल, पण गंधार ४०८, म्हणजे आजच्या पेटीपेक्षाही ८ सेंट चढा. काळी ४ चंही तेच. आपल्याकडे कितीतरी पुरुष गायक काळी १ मध्ये गातात. त्यांच्यासाठी ही जुळणी म्हणजे पैसे देऊन बिघाड विकत घेणं.

तरीही करायची असेल, तर ट्यूनर ॲपवर समान जुळणीपेक्षा (म्हणजे आजची, प्रत्येक पट्टीला सारखे १०० सेंट देणारी) इतके सेंट वर जा. पांढऱ्या पट्ट्या १ ते ७: ११.७, ३.९, २, ९.८, ७.८, ०, ३.९. काळ्या १ ते ५: २, ५.९, ०, ३.९, ७.८. एकही सूर उतरवायचा नाही, फक्त चढवायचे, म्हणजे रीडच्या टोकाला घासायचं. बुंध्याशी घासलं तर सूर उतरतो. टोक जास्त घासलं गेलं तर बुंध्याशी घासून सूर परत आणता येतो, पण रीड पातळ होत जातं. चांगल्या पेटीवर हात चालवण्याआधी एखाद्या टाकाऊ पेटीवर सराव करा.

१०. माझ्या डिजिटल कीबोर्डवर 'वेर्कमाईस्टर' आहे. काळी १ ला ट्रान्सपोज करून वापरलं तर प्रश्न ९ मधली अडचण सुटेल का?

कीबोर्डवर अवलंबून. काहींत ट्रान्सपोज केलं की जुळणीही सोबत सरकते, काहींत जागच्या जागी राहते. तपास सोपा आहे. ट्रान्सपोज करून पांढरी १ आणि पांढरी ३ एकत्र दाबा. जवळजवळ शांत ऐकू आली तर जुळणी सरकली आहे. वेगाने थरथरली तर नाही. मेन्यूत जुळणीचा 'मूळ सूर' निवडता येत असेल, तर तो बदलून गायकाचा षड्ज प्रश्न ५ मधल्या पांढरी ४ च्या जागी आणा.

११. आजची समान जुळणी त्यानेच शोधली ना? आणि जर्मन संगीतकार बाखने हीच वापरली?

दोन्ही नाही. बारा सारखे भाग करण्याचं गणित चीनमध्ये झू झाइयू याने १५८४ मध्येच मांडलं होतं. प्रश्न ५ वाचलात तर दिसेल की वेर्कमाईस्टर ३ मध्ये भाग सारखे नाहीतच. गोंधळ शब्दामुळे होतो. १६९१ च्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात 'वोल टेम्पेरीर्ट', म्हणजे 'नीट जुळवलेलं', असा प्रयोग आहे. बाखने १७२२ मध्ये चोवीस पट्ट्यांतल्या आपल्या संग्रहाला तोच शब्द वापरला, आणि पुढच्या पिढ्यांनी 'नीट' म्हणजे 'समान' असं वाचलं. बाख आपलं वाद्य नेमकं कसं लावायचा याचा आकड्यांतला पुरावा नाही. त्याच्यावरून अभ्यासकांच्या हमरीतुमरी अजून चालू आहेत.

एका हंगेरियन चित्रपटातलं पात्र या माणसावर संगीत बिघडवल्याचा आरोप करतं. त्यामुळेही हा गैरसमज पसरला आहे. आरोप समान जुळणीवर आहे, आरोपी चुकीचा निवडलाय. एक पुस्ती मात्र जोडायला हवी: मृत्यूनंतर १७०७ मध्ये निघालेल्या 'पाराडोक्साल-डिस्कुर्से'मध्ये तो स्वतः समान जुळणीकडे झुकलेला दिसतो.

१२. ऑर्गनची तपासणी तो कशी करायचा?

या विषयावर त्याने 'ऑर्गेल-प्रोबे' लिहिलं, पहिली आवृत्ती १६८१, वाढवलेली १६९८. आमच्या मते त्याचं सर्वांत टिकाऊ काम हेच. जुळण्यांची चर्चा जास्त होते, पण चर्चचे पैसे वाचवले ते या पुस्तकाने. नवीन ऑर्गन म्हणजे गावाची मोठी रक्कम, आणि बनवणारा परीक्षकाला लाच देऊन मोकळा होई. वेर्कमाईस्टर ही तक्रार स्पष्ट शब्दांत करतो.

तपासणीचा गाभा आजही तोच आहे. करारातली यादी हातात घेऊन एकेक नळ्यांची रांग मोजायची. भाते भरून ठेवायचे आणि काहीही न वाजवता ते किती लवकर खाली बसतात ते पाहायचं. लवकर बसले तर हवा कुठे तरी गळते आहे. मग सगळे स्टॉप (नळ्यांची एकेक रांग चालू-बंद करणारे खुंटे) बंद ठेवून दोन्ही हातांनी शक्य तितक्या पट्ट्या दाबायच्या. पूर्ण शांतता हवी. कुठे पुटपुट ऐकू आली तर नळ्यांखालच्या पेटीत हवा एका वाटेतून दुसरीत शिरते आहे. बहुधा लाकूड फाटलेलं किंवा वाळून आकसलेलं असतं. त्यानंतर एक स्टॉप उघडून एकेक पट्टी: शेजारची नळी सोबत वाजते का, पट्टी सोडल्यावरही सूर चालू राहतो का. शेवटी सगळे स्टॉप उघडून उजव्या हाताने वरचा एक सूर धरून ठेवायचा आणि डाव्या हाताने खाली जाड स्वरगुच्छ तोडून तोडून मारायचे. वरचा सूर प्रत्येक घावाला थरथरला तर वाऱ्याचा पुरवठा कमी आहे.

बाखच्या मुलाने लिहून ठेवलंय की वडील नवा ऑर्गन पाहिला की आधी सगळे स्टॉप ओढून त्याची फुप्फुसं तपासत. १७१६ मध्ये जर्मनीतल्या हाले इथे बाख आणि त्याच्या काळातले दोन संगीतकार, कूनाऊ आणि रोले, यांनी ऑर्गन तपासला. त्यांच्या अहवालातले मुद्दे या पुस्तकाच्या वळणावरचे आहेत.

१३. ग्र्योनिंगेनच्या ऑर्गनशी त्याचा काय संबंध?

आधी एक दुरुस्ती: हे हाल्बरश्टाटजवळचं जर्मन ग्र्योनिंगेन, नेदरलँड्सचं नाही. तिथल्या वाड्यात डेव्हिड बेकने ५९ स्टॉपचा ऑर्गन बांधला आणि १५९६ मध्ये तो तपासायला ५३ ऑर्गनवादक बोलावले गेले. शंभरेक वर्षांनी त्याची डागडुजी झाली, तिच्यावर वेर्कमाईस्टरने १७०५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या परीक्षकांची नावं आज आपल्याला माहीत आहेत ती त्यामुळेच. ऑर्गनचा कोरीव दर्शनी भाग पुढे हाल्बरश्टाटच्या मार्टिनी चर्चमध्ये हलवला गेला, म्हणजे वेर्कमाईस्टरच्याच चर्चमध्ये, पण तो गेल्यानंतर.

१४. सहावी, 'सेप्टेनारियुस' जुळणी घरी करून पाहता येते का? पुस्तकात आकडा चुकलाय म्हणतात.

येते, आणि कान तयार नसेल तर हीच आधी करा. इथे लाटा मोजायच्या नाहीत, तार मोजायची. तारेचे १९६ भाग करतात. सरळ ९८ सेंटीमीटरची तार घ्या, म्हणजे एक भाग बरोबर अर्धा सेंटीमीटर. घोडी सरकवून तारेची वाजती लांबी सेंटीमीटरमध्ये अशी ठेवा: पांढरी १ पूर्ण ९८, काळी १ ९३, पांढरी २ ८७.५, काळी २ ८२.५, पांढरी ३ ७८, पांढरी ४ ७३.५, काळी ३ ६९.५, पांढरी ५ ६५.५, काळी ४ ६२, पांढरी ६ ५८.५, काळी ५ ५५, पांढरी ७ ५२, वरचा षड्ज ४९.

मूळ छापील पुस्तकात पांढरी २ ला १७६ भाग आहेत, म्हणजे ८८ सेंटीमीटर. तो छपाईचा दोष मानून बहुतेक जण १७५ घेतात. वर तेच घेतलं आहे. ८८ ठेवून पाहिलंत तर पांढरी ५–पांढरी २ ही जोडी कशी ढासळते ते लगेच ऐकू येईल. घोडी उंच असेल तर दाबाने तार ताणली जाऊन सगळेच सूर चढतात. ती तारेला जेमतेम टेकेल इतकीच ठेवा.

१५. त्याच्या स्वतःच्या रचना ऐकायला मिळतात का?

फारच थोड्या उरल्या आहेत. दुसऱ्यांच्या रचना टिकवण्यात मात्र त्याचा हात आहे. १७०४ मध्ये तरुण योहान गॉटफ्रीड वाल्टर त्याला भेटायला हाल्बरश्टाटला आला, तेव्हा ल्यूबेकचा ऑर्गनवादक-रचनाकार बुक्स्टेहुडे याच्या कीबोर्ड-रचना त्याला वेर्कमाईस्टरकडून मिळाल्या. बुक्स्टेहुडेशी वेर्कमाईस्टरची ओळख जुनी. १७०२ च्या 'हार्मोनोलोगिया मुझिका'च्या सुरुवातीला बुक्स्टेहुडेने त्याच्यावर केलेल्या कविता छापल्या आहेत. पुढे वाल्टर वाइमारला ऑर्गनवादक झाला आणि १७३२ मध्ये त्याने मोठा संगीतकोश काढला.

१६. हाल्बरश्टाटला ६३९ वर्षं चालणारं ऑर्गनवादन सुरू आहे. ते याच्या ऑर्गनवर का?

नाही. ते बुर्खार्डी चर्चमध्ये आहे, त्यासाठी बांधलेल्या छोट्या ऑर्गनवर, आणि रचना विसाव्या शतकातला अमेरिकन संगीतकार जॉन केज याची. ५ सप्टेंबर २००१ ला ते सुरू झालं. ६३९ हा आकडा १३६१ वरून आला. त्या वर्षी तिथल्या कॅथेड्रलमध्ये निकोलाउस फाबरने मोठा ऑर्गन बसवला होता, आणि १३६१ ते २००० ही ६३९ वर्षं होतात. वेर्कमाईस्टर त्या गावात आला तेव्हा फाबरच्या ऑर्गनला तीनशे पस्तीस वर्षं झाली होती.